प्रवेशाचे पत्र विद्यापीठाने लिहावे

सातारा, सांगली आणि कोल्हापूर या तीन जिल्ह्यांतल्या मुलांची बारावीची परीक्षा कोल्हापूरचे विभागीय मंडळ घेते. याच तीन जिल्ह्यांतली बहुतेक महाविद्यालये ज्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहेत तेही कोल्हापुरातच. दोन्ही संस्था कायद्याने उभ्या राहिलेल्या, दोन्ही जनतेच्या पैशावर चालणाऱ्या, दोन्हींचे कार्यक्षेत्र जवळपास एकच. फेब्रुवारीत परीक्षेला बसलेल्या मुलीचे नाव, तिच्या आईचे नाव, कनिष्ठ महाविद्यालय, विषय आणि प्रत्येक विषयातले गुण, ही सगळी माहिती मे महिन्यात मंडळाकडे तयार असते. आणि जूनमध्ये तीच मुलगी तेच नाव, तेच विषय, तेच गुण पुन्हा एकदा संगणकावर भरते, त्यांच्या झेरॉक्स काढते, त्यावर सह्या करते आणि त्याच शहरातल्या दुसऱ्या संस्थेच्या एखाद्या महाविद्यालयात नेऊन देते. तिने हा अर्ज का करायचा, हा माझा प्रश्न आहे.

माझे म्हणणे असे की बारावी उत्तीर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला विद्यापीठाने स्वतःहून पत्र पाठवावे. पत्रात लिहावे की तुम्ही पदवीच्या पहिल्या वर्षाच्या प्रवेशाला पात्र आहात. तुमच्या तालुक्यातल्या आणि शेजारच्या तालुक्यातल्या अमुक महाविद्यालयांत कला, वाणिज्य किंवा विज्ञान शाखेत तुमची जागा ठेवली आहे. फी इतकी आहे, तुम्हाला लागू होणारी सवलत इतकी आहे. अमुक तारखेपर्यंत होकार कळवा. मुलाने करायचे काम एवढेच की हो म्हणायचे किंवा नाही म्हणायचे.

ही मागणी कुणाला भाबडी वाटेल. पण आपण कोणत्या मुलुखात बोलतो आहोत ते आधी पाहू. सातारा आणि सांगली १९४९पर्यंत एकच जिल्हा होता. त्या जुन्या सातारा जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावी जन्मलेले यशवंतराव चव्हाण कराडच्या टिळक हायस्कुलातून मॅट्रिक झाले, पण पदवीसाठी त्यांना कोल्हापूरचे राजाराम कॉलेज आणि कायद्यासाठी पुणे गाठावे लागले. सांगलीत १९१९पासून विलिंग्डन महाविद्यालय होते, पण साताऱ्यात महाविद्यालय यायला १९४७ साल उजाडले. ते आणले कर्मवीर भाऊराव पाटलांनी, छत्रपती शिवाजी कॉलेजच्या रूपाने, कमवा आणि शिका या तत्त्वावर. पुढे १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले तेव्हा त्याच्याकडे ३४ महाविद्यालये आणि सुमारे १४ हजार विद्यार्थी होते. दक्षिण महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या पोराला पदवीसाठी पुण्याच्या विद्यापीठाकडे बघावे लागू नये, म्हणून हे विद्यापीठ झाले. आज तासगाव, विटा, जत, दहिवडी, वडूज, पाटण अशा प्रत्येक गावात महाविद्यालय आहे. अंतर कमी करण्याचे काम त्या पिढीने केले आणि चोख केले.

उरले ते अंतर कागदांचे आहे, आणि ते दरवर्षी वाढते आहे.

निकालानंतरच्या आठवड्यात कोणत्याही तहसील कचेरीजवळच्या सेतू केंद्रात जाऊन उभे राहा. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, अधिवास, जातीचा दाखला, नॉन क्रीमीलेअर. नॉन क्रीमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणजे ज्याने मागच्या वर्षी धावपळ करून एका वर्षाचा काढला त्याने जूनमध्ये पुन्हा काढायचा. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचे नाव एका तऱ्हेने, आधार कार्डावर दुसऱ्या तऱ्हेने, बँकेच्या पासबुकावर तिसऱ्या तऱ्हेने. खात्याला आधार जोडलेले नसेल तर महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती जमा होत नाही. ज्या मोबाइलवर ओटीपी येतो तो बापाच्या खिशात आणि बाप ऊसतोडीच्या टोळीबरोबर किंवा वीटभट्टीवर, रेंज नसलेल्या ठिकाणी. स्वयंघोषणापत्र साध्या कागदावर चालते असा शासनाचा आदेश २०१५ सालचा आहे, तरी स्टॅम्प पेपर घेऊन या म्हणणारी खिडकी अजून भेटते. ही खिडकी बंद करायला कुणाला नवा कायदा करावा लागणार नाही.

यातला सर्वांत कठीण कागद जात वैधता प्रमाणपत्राचा. इंजिनिअरिंग, मेडिकल, फार्मसी अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या राखीव जागेसाठी तो लागतो. त्यासाठी कुटुंबाची जात दाखवणारा जुना पुरावा हवा. अनुसूचित जातींसाठी १९५० पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. ज्याचा आजोबा शाळेत गेला त्याचे काम सोपे, कारण शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मिळतो. आता आटपाडी किंवा माण तालुक्यातल्या मेंढपाळ घरातली मुलगी डोळ्यांसमोर आणा. धनगर समाज भटक्या जमातींत येतो, म्हणजे तिला १९६१ पूर्वीचा पुरावा हवा. तिचा आजोबा मेंढरे घेऊन दिवाळीनंतर कोकणात उतरायचा तो पावसाळ्याच्या तोंडावर माघारी यायचा. त्याचे नाव शाळेच्या पटावर असणार कसे? मग उरते तहसीलच्या अभिलेख कक्षातले जन्म-मृत्यूचे रजिस्टर, गाव नमुना चौदा, ज्याला गावाकडे कोतवाल बुक म्हणतात. लाल कापडात बांधलेली बाडे, कडा झडलेली पाने, आणि जुन्या नोंदी बऱ्याचदा मोडीत. मोडी वाचणारा शोधायचा, त्याच्याकडून लिप्यंतर करून घ्यायचे, आणि ज्या ओळीत पणजोबाच्या नावापुढे जातीचा उल्लेख आहे ती ओळ सापडली तर नशीब. सापडलेल्या ओळीतला माणूस आपलाच पणजोबा आहे हे सिद्ध करायला पुन्हा वंशावळ. हे सगळे करायचे कधी, तर बारावीच्या वर्षात, सीईटीचा अभ्यास सांभाळून.

मी पडताळणीच्या विरोधात नाही. खोट्या दाखल्यावर राखीव जागा बळकावणारे होते आणि आहेत. त्यांनी खऱ्या हक्कदाराच्या ताटातले उचलले, म्हणून तर २००० सालचा कायदा आला. पण चोराला पकडण्याची जबाबदारी शासनाची, आणि तिचा सगळा खर्च मात्र साव मुलीच्या माथ्यावर, हा न्याय मला मान्य नाही. कोतवाल बुक शासनाचे, अभिलेख कक्ष शासनाचा, पडताळणी समिती शासनाची, आणि शासनाच्याच एका खोलीतला कागद शासनाच्याच दुसऱ्या खोलीत नेऊन देणारा हमाल तेवढा ती मुलगी. समितीने मागवला तर तो कागद सरकारी टपालाने येऊ शकतो. दाखल्याची मुदत वाढवून देण्याचे निर्णय प्रवेशाच्या ऐन हंगामात वारंवार घ्यावे लागतात, यातच व्यवस्थेने स्वतःची कबुली दिली आहे.

एका रजिस्टरमधली एक ओळ किती मोठी असू शकते हे सातारकरांना सांगायला नको. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या त्या वेळच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, १९१४ या क्रमांकावर भिवा रामजी आंबेडकर ही नोंद झाली. तो दिवस आता राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. भाषणे होतात, हार घातले जातात. त्या दिवशी जिल्ह्यातल्या प्रत्येक तहसीलदाराने आपल्या अभिलेख कक्षात किती मुलांचे अर्ज पडून आहेत याची यादी फलकावर लावली, तर तो दिवस खऱ्या अर्थाने पाळला असे मी म्हणेन.

कागदांच्या बरोबरीने वेळेचा घोळ आहे. बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो. बीए, बीकॉम, बीएस्सीचे प्रवेश लगेच सुरू होतात. सीईटीचा निकाल नंतर येतो, आणि कॅप राउंड पावसाळा सरत आला तरी चालू असतात. त्यामुळे कराडचे शासकीय अभियांत्रिकी किंवा सांगलीचे वालचंद मिळेल या आशेवर असलेला मुलगा हाताशी काहीतरी असावे म्हणून आधी बीएस्सीला प्रवेश घेतो, फी भरतो, शाळा सोडल्याचा मूळ दाखला तिथे देतो. मग कॅपमध्ये नंबर लागला की दाखला सोडवायला पळतो. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवता येणार नाहीत आणि प्रवेश रद्द केल्यास फी परत द्यावी लागेल, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ सालीच बजावले आहे. पण हा नियम कार्यालयातल्या बाबूला ठाऊक असतो आणि मुलाला ठाऊक नसतो, आणि सगळा अन्याय या दोन ठिकाणांच्या मधल्या जागेत होतो. त्यात २०२४ साली बीबीए, बीसीएलाही सीईटी लागू झाली. परीक्षा आहे हेच गावोगावी कळले नाही, जागा रिकाम्या राहिल्या, दुसऱ्यांदा सीईटी घ्यावी लागली आणि राज्यातल्या अनेक महाविद्यालयांनी अभ्यासक्रमांची नावे बदलून वाट काढली. परीक्षेने गुणवत्ता निवडायची असते. तिथे निवडायला मुलेच नव्हती.

आता मुलींविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण माझ्या मागणीचा जीव तिथे आहे. माण-खटावपासून जतच्या पूर्व भागापर्यंत मे आणि जून हे लग्नसराईचे महिने. निकाल आणि प्रवेश यांच्या मधले तीन-चार आठवडे मुलीच्या आयुष्यातले सर्वांत नाजूक. ती अठरा वर्षांची झालेली असते, शाळा संपलेली असते, कॉलेज सुरू झालेले नसते. पाहुणे येतात. “पुढं काय करतीय?” असे विचारतात, आणि “बघू, फॉर्म भरायचाय अजून” या उत्तराला घरात काही वजन नसते. त्याच सुमाराला एसटीचा पासही बदलतो. अहिल्यादेवी होळकर योजनेत मुलींना मिळणारा मोफत पास बारावीपर्यंतच आहे. पुढे सवलतीचा, पण पैसे भरून. म्हणजे ज्या महिन्यात बापाला पहिल्यांदा हिशेब करावा लागतो, त्याच महिन्यात मुलीच्या बाजूने बोलणारा एकही कागद घरात नसतो. निकालाबरोबर विद्यापीठाचे पत्र आले, तिच्या नावाने, शिक्क्यासह, जागा ठेवली आहे असे सांगणारे, तर बोलणे बदलते. मुलगी काहीतरी मागते आहे असे चित्र न राहता, तिला मिळालेली गोष्ट आपण नाकारायची का, असा प्रश्न बापापुढे उभा राहतो. नाकारणारे तरीही नाकारतील. पण कुंपणावर बसलेली घरे खूप आहेत, आणि ती कोणत्या बाजूला उतरतात हे अशा एका कागदावर ठरू शकते.

जतच्या पूर्वेकडच्या गावांत तर जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा आहेत. तिथली मुलगी कन्नडातून शिकून येते, घरी कन्नड बोलते, बाजारात मराठी बोलते, आणि प्रवेशाचा फॉर्म तिच्यापुढे येतो तो इंग्रजीत. तिला येणारे पत्र मराठीत आणि कन्नडात असावे. कोल्हापूर तिथून सव्वाशे किलोमीटरच्या पुढे आहे. चौकशीला एकदा जाऊन येऊ, असे म्हणता येणारे हे अंतर नाही.

अशी पत्रे जगात कुठे पाठवली जातात का? जातात. अमेरिकेच्या आयडाहो राज्यात २०१५ साली हे सुरू झाले. शाळा संपवून पुढे शिकणाऱ्यांचे प्रमाण तिथे देशात तळाकडे होते. राज्याने शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक मुलाला, अर्ज न मागवता, सरकारी महाविद्यालयांत प्रवेश मंजूर झाल्याचे पत्र पाठवले. ज्यांचे गुण चांगले त्यांच्या पत्रात सगळ्या संस्था, बाकीच्यांच्या पत्रात सर्वांना खुल्या असलेल्या संस्था. त्यांना हे सोपे गेले, कारण तिथे शाळा आणि महाविद्यालये एकाच राज्य मंडळाच्या देखरेखीखाली आहेत. त्याचा अभ्यास झाला तेव्हा दिसले की पहिल्या वर्षाचे प्रवेश चार ते आठ टक्क्यांनी वाढले, विशेषतः घराजवळच्या छोट्या महाविद्यालयांत. पण त्याच अभ्यासाने दुसरी गोष्टही सांगितली. गरीब घरातल्या मुलांच्या प्रवेशात फारशी वाढ झाली नाही. पत्राने दार उघडले, फी मात्र होती तिथेच राहिली.

माझ्या बाजूचे उदाहरण देताना त्यातले गैरसोयीचे सत्य लपवणे बरोबर नाही, आणि मला तर त्यातूनच पुढचा मुद्दा मिळतो. नुसत्या पत्राने भागणार नाही. पत्रात सवलत लिहिलेली असली पाहिजे, आणि तीही आधी भरा मग परत मिळेल अशा भाषेत नव्हे. या बाबतीत महाराष्ट्राची परंपरा चांगली आहे. यशवंतराव मुख्यमंत्री असताना ईबीसी, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीची सवलत आली. वर्षाला १२०० रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांना त्यातून फीमाफी मिळाली आणि एक अख्खी पिढी पदवीधर झाली. आजही राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क शिष्यवृत्ती आहे, पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, आणि जुलै २०२४च्या निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या, आरक्षित आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. योजना कमी नाहीत. पण प्रत्येक योजनेला वेगळा अर्ज, वेगळी तारीख, वेगळी जोडपत्रे. ज्याला सवलतीची सर्वाधिक गरज त्याच्याकडूनच आपण सर्वाधिक कागद मागतो. अकरावी-बारावीत ज्या मुलाला शिष्यवृत्ती मिळाली त्याच्या जातीची आणि उत्पन्नाची छाननी सरकारने केलेलीच असते. तीच पुढे धरून चालावी.

आक्षेपांत सर्वांत जास्त ऐकू येणारा असा की मुलांना सगळे आयते दिले तर किंमत राहत नाही. आमच्या वेळी आम्ही रात्रभर रांगेत उभे राहिलो. रांगेत उभे राहून कोणी रसायनशास्त्र शिकलेले मी पाहिले नाही. कष्ट वर्गात, प्रयोगशाळेत, ग्रंथालयात करावेत. तिथे त्यांचे फळ मिळते. शिवाय हे कष्ट सगळ्यांच्या वाट्याला सारखे येतही नाहीत. नोकरदाराच्या मुलाचा फॉर्म बापाच्या ऑफिसातल्या संगणकावर भरला जातो, आणि एखादा जिल्ह्याच्या ठिकाणचा मामा बाकीचे बघतो. ज्याला मामा नाही, त्याच्यासाठीच ही मागणी आहे.

दुसरा आक्षेप जास्त खरा. नावाजलेल्या महाविद्यालयांत जागा मोजक्या आहेत, तिथे सगळ्यांना पत्र कसे देणार? तिथे गुणवत्ता यादी लागू दे, तिला माझा विरोध नाही. विलिंग्डनला किंवा साताऱ्याच्या यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सला ज्याला जायचे त्याने चुरस करावी. पण चुरशीत मागे पडलेल्याला कुठेतरी जागा नक्की आहे हे आधी ठाऊक असले पाहिजे. तालुक्याच्या महाविद्यालयांत कला शाखेचे वर्ग भरत नाहीत, प्राध्यापकांना कार्यभार टिकवायला मेमध्ये गावोगाव फिरावे लागते. एकीकडे रिकामी बाके, दुसरीकडे शिक्षण सुटलेली मुले. आणि या मधल्या काळात खासगी संस्थांचे समुपदेशक मात्र मुलांचे नंबर मिळवून फोन करतात, घरी येतात, गाडी पाठवतात. त्यांचे चुकते असे मी म्हणत नाही. त्यांना विद्यार्थी हवा आहे आणि ते त्याच्या दारात जातात. सार्वजनिक विद्यापीठाला विद्यार्थी हवा आहे की नाही, हे मात्र त्याच्या वागण्यावरून कळत नाही.

कर्मवीरांना असले काही शिकवावे लागले नसते. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले, तेव्हा मुलांनी अर्ज करावेत म्हणून ते थांबले नाहीत. खेड्यांत जायचे, हुशार पोरगा हेरायचा, आईबापांची समजूत घालायची आणि त्याला बोर्डिंगात घेऊन यायचे, मग तो कोणत्याही जातीचा असो. प्रवेशाची पद्धत म्हणून याकडे पाहिले तर ती एवढीच आहे: संस्थेने मुलाकडे जायचे. एका माणसाने पायी फिरून जे केले ते करायला आज आपल्याकडे माहितीसाठा आहे, टपाल आहे, प्रत्येक गावात पोस्टमन आहे. मंडळाकडून दरवर्षी उत्तीर्ण होणारी सुमारे लाखभर मुले धरली आणि पाकिटाला पाच रुपयांचे तिकीट लावले तर टपालखर्च पाच लाख होतो. विद्यापीठाच्या एखाद्या समारंभाच्या मांडवालाही तेवढे लागत असतील.

पदवी घेऊन तरी काय, गावात पदवीधर बेकार कमी आहेत का, असे विचारणारे चुकीचे विचारत नाहीत. पदवीच्या दर्जाचा आणि रोजगाराचा प्रश्न मोठा आहे, त्यावर वेगळे लिहावे लागेल. पण त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून कोणाला दाखला वेळेत मिळाला आणि कोणाला नाही यावर शिक्षण ठरू देणे, हे कोणालाच पटणार नाही. २०२१-२२च्या अखिल भारतीय सर्वेक्षणात महाराष्ट्राचे उच्च शिक्षणातले स्थूल नोंदणी प्रमाण ३५.३ होते, देशाचे २८.४. नव्या शैक्षणिक धोरणाने २०३५पर्यंत ५० गाठायचे ठरवले आहे. ही वाढ होणार ती आज बाहेर राहिलेल्या मुलांमधून, आणि ती मुले संकेतस्थळावरची सूचना वाचून येणारी नाहीत.

सुरुवात साताऱ्याने करावी. २०२१ साली तिथे कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झाले, रयतच्याच तीन महाविद्यालयांचे मिळून. विद्यापीठ लहान आहे, त्याला तीन जिल्ह्यांची वाट बघायची गरज नाही. जिल्ह्यातल्या रयतच्या कनिष्ठ महाविद्यालयांपासून पहिली पत्रे जाऊ शकतात. कोल्हापूरने पुढच्या वर्षी ते मोठ्या प्रमाणावर करावे. अडचण एकच खरी आहे: २०२३च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यामुळे मुलांची माहिती एका संस्थेकडून दुसरीकडे देताना त्यांची संमती घेतलेली बरी. त्याची सोय बारावीच्या परीक्षा अर्जातच होऊ शकते. तो अर्ज कनिष्ठ महाविद्यालयातच भरला जातो. त्यात एक रकाना वाढवायचा: माझे गुण व पत्ता माझ्या विभागातल्या विद्यापीठाला कळवावेत, हो किंवा नाही. परीक्षा अर्ज दिवाळीच्या आगेमागे भरले जातात, तेव्हा मंडळ आणि विद्यापीठ यांची बैठक गणपतीच्या आत व्हायला हवी.